सोमवारची फुंक

चष्मा पुसायचा म्हणून रोसविथा केसेनिशनं काचेवर ‘हा’ केलं आणि वाफ आलीच नाही. गुरुवारची संध्याकाळ होती, कारखान्याची पाळी सुटली होती, आणि ट्रामच्या थांब्यावर शेजारच्या दोन बायका ईस्टरच्या सुट्टीत कुठं जायचं यावरून हुज्जत घालत होत्या. काच कोरडीच राहिली. वाफेऐवजी घशातून एक बारीक शिट्टी निघाली, आणि ती इतकी परकी वाटली की रोसविथानं आधी मागं वळून पाहिलं, कुणाचं पोर वाजवतंय का म्हणून. मागं कुणीच नव्हतं. तिनं पुन्हा तोंड उघडलं, या वेळी जरा जोर लावून. छातीभोवती कुणी पट्टा आवळावा तसं झालं आणि पुन्हा तीच शिट्टी आली. मग तिनं चष्मा तसाच डागाळलेला नाकावर चढवला आणि ट्राम आली तेव्हा सगळ्यांच्या शेवटी चढली. पायरी चढताना दम लागलाच तर निदान मागून कुणी पाहायला नको.

बर्च असेल, ती स्वतःशी म्हणाली. एप्रिल आहे, बर्चची झाडं फुललीत, अर्धं गाव शिंकतंय. खिडकीशी बसून तिनं हे दोन-तीनदा घोळवलं आणि प्रत्येक खेपेला ते जास्तच पोकळ वाटलं. पन्नाशी उलटेपर्यंत ज्या बाईला बर्चनं कधी त्रास दिला नाही, तिला आत्ताच तो का द्यावा? आणि बर्च काय शनिवार-रविवार पाळतो? शनिवारी बाजारातून पिशव्या घेऊन तीन मजले चढताना काही होत नाही, रविवारी ऱ्हाइनच्या बांधावर चालताना काही होत नाही, आणि बुधवार उजाडला की रात्री उशीला पाठ टेकवत नाही. रसायनशास्त्रात डॉक्टर झालेल्या बाईला एवढं गणित मांडायला कागद लागत नाही. तिनं ते कधीच मांडलं होतं, फक्त उत्तराकडं पाहायचं टाळलं होतं.

फेस बनवायला लागतं ते इन मीन दोन रस. एक मधासारखा, गरीब स्वभावाचा; त्यात थोडं पाणी, थोडं सिलिकोन. दुसरा पातळ, पाण्यासारखा दिसणारा, आयसोसायनेट. त्याचं पूर्ण नाव त्यांच्या इमारतीत कुणी घेत नसे. ‘तो’ म्हणायचे. त्याला आणलं का, त्याचं झाकण लावलं का. दोघं एकत्र घोटले की कागदी पेल्यात पांढरी साय धरते, ती गरम होत फुगत जाते, आणि बघता बघता पॉलियुरेथेनचा फेस काठावर येऊन उभा राहतो. गावातल्या गाद्या, मोटारींच्या बैठका, शाळेतल्या जिमखान्याची जाजमं, सगळी याच पेल्यातून बाहेर पडलेली. ‘तो’ वर्षानुवर्षं एखाद्याला काही करत नाही आणि मग एक दिवस छातीत खूण करून ठेवतो. एकदा ती खूण पडली की संपलं. पुन्हा त्याचा नुसता वारा लागला तरी श्वासनळ्या मिटतात, आणि एखाद दिवशी मिटलेल्या उघडत नाहीत. म्हणून कारखान्याचा डॉक्टर नळीत फुंकायला लावतो, आणि फुंक कमी पडली की त्या माणसाला त्या इमारतीचा दरवाजा जन्मभर बंद. लोक म्हणत, तो कागदावर गेला. शेजारच्या प्रयोगशाळेतला हेरिबर्ट असाच कागदावर गेला होता. आता तो कारखान्याच्याच टपालखोलीत पाकिटांवर शिक्के मारतो, कँटीनला येताना त्यांच्या इमारतीला लांबून वळसा घालून येतो. तो गेला त्या दिवशी रोसविथा ‘बिचारा’ म्हणाली होती आणि संध्याकाळी त्याचा चांगला तराजू आपल्या टेबलावर आणून ठेवला होता.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला नाही. स्वयंपाकघरात टेबलावर कोपरं टेकून, पुढं झुकून बसली. असं बसलं की जरा सुटतं. हे बसणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण कोपरं टेकल्या टेकल्या तिला आपला बाप दिसला, गेल्सनकिर्शनच्या खाणकामगारांच्या चाळीत, असाच टेबलावर कोपरं टेकून बसलेला, खांदे कानांपर्यंत चढलेले. त्याच्या छातीत दगड होता. सगळ्या चाळीत म्हातारे असे नव्हतेच, होते ते चाळिशीतले आणि त्यांच्या छातीत दगडाची धूळ. आई भांडी घासताना मुद्दाम जोरात आपटायची, म्हणजे बापाचं धापणं पोरीच्या कानावर पडू नये. पण पोरीचा कान भलता तिखट. ती अंथरुणात पडून त्याचा श्वास ऐकायची. आत जाताना घासत जायचा, बाहेर येताना अडखळायचा, आणि मध्ये जी जागा सुटायची ती तिला वाटायचं आपणच धरून ठेवलीय. बाप गेला त्या पहाटे ती जागा सुटली ती सुटलीच. पुढं कॉलेजात एका प्राध्यापकानं फळ्यावर लिहून दाखवलं की त्या धुळीतलं जे मूलद्रव्य, वाळूतलं आणि गारगोटीतलं, तेच घेऊन त्याची लांब साखळी केली आणि तिच्या अंगाला तेलकट फाटे फोडले तर दगडाचं तेल होतं. मऊ, निसटतं, कुणाचंही काही न बिघडवणारं. त्याचं नाव सिलिकोन. सगळा वर्ग उतरवून घेत होता आणि रोसविथा रडत होती. शेजारच्या मुलानं रुमाल दिला आणि बाहेर सगळ्यांना सांगितलं की केसेनिशला फळ्यावरचं दिसत नाही.

त्या दिवसापासून तिनं दुसरं काही केलं नाही. लग्न राहून गेलं, राहू दिलं. फेसात सिलिकोन लागतं ते चमचाभर, पण सगळा खेळ त्या चमच्याचा. ते नसलं तर फेस फुगतो आणि आच काढलेल्या दुधासारखा खाली बसतो. ते फार चांगलं झालं तर प्रत्येक बुडबुडा घट्ट मिटून राहतो, ठोकळा दिसतो झकास, आणि दुसऱ्या दिवशी सुरकुतलेल्या सफरचंदासारखा आत ओढला गेलेला सापडतो. सिलिकोननं शेवटपर्यंत धरायचं आणि शेवटच्या क्षणी सोडायचं, म्हणजे सगळे बुडबुडे एकदम फुटतात, आतला वायू निघून जातो, ठोकळा बोटभर खाली बसतो आणि नंतर जन्मभर मोकळा श्वास घेत राहतो. तो क्षण आला की फेस उसासा टाकतो. खरोखरच टाकतो, पण इतका हळू की यंत्राला कळत नाही. यंत्र उंचीची रेघ काढतं, उसासा ऐकत नाही. प्युट्सफेल्ट म्हणून म्हातारे होते, तिला हाताखाली घेणारे, त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पेल्यावरची वाफ ओढणाऱ्या पेटीच्या पंख्याचा आवाज फार, तेव्हा पंखा बंद कर, पेटीची काच वर सरकव, आणि पेल्यावर कान धर, बाळाच्या नाकाशी धरतात तसा. उसासा लांब आला तर सिलिकोन जमलं. तुटक आला तर कच्चं. आलाच नाही तर ओतून दे. नियमात हे कुठंच नव्हतं. नियमात काच खाली आणि पंखा चालू होता. पण जगात जे कुणी फेसाला लागलेले असतात त्यांना कधी ना कधी हा मोह होतोच, आणि ज्यांना कान असतो त्यांना तो आवरत नाही. प्युट्सफेल्ट खोकत निवृत्त झाले, वर्षभरात गेले. सगळे म्हणाले, सिगारनं गेले. रोसविथानंही मान डोलावली होती. म्हातारे सिगार पेटवायचे आणि धरून ठेवायचे, ओढताना त्यांना तिनं फारसं पाहिलं नव्हतं, हे तिला आत्ता, अंधाऱ्या स्वयंपाकघरात आठवलं.

शुक्रवारी ती कामावर गेली. न जाऊन सांगते कुणाला? इतकी वर्षं फेस फुगवायला जो वायू वापरला तो वर जाऊन ओझोन खातो म्हणून उन्हाळ्यापासून बंद होणार होता. उरलं नुसतं पाणी, आणि पाण्यावर फुगलेला फेस तापतो फार, त्यात जुनं सिलिकोन टिकत नाही. नवं तिनं रचलं होतं. फाटे बदलले, साखळी आखूड केली, पुन्हा वाढवली. गेले काही महिने ठोकळे उभे राहत होते आणि उसासा टाकत नव्हते. साहेब लिंडलार सोम्या-गोम्यासमोर म्हणू लागले होते की केसेनिशबाईंचं आता वय झालं, हे काम तरुण माणसाला आणि यंत्राला द्यावं. अशा वेळी छातीवर हात ठेवून डॉक्टरकडं जायचं म्हणजे लिंडलारच्या हातात आयतं कोलीत द्यायचं. एवढं एक सिलिकोन उभं राहू दे, मग जाते कागदावर, असं ती रोज म्हणत होती, आणि आपण खोटं बोलतोय हेही तिला माहीत होतं. ते उभं राहिलं की पुढचं. पेल्याशिवाय तिचं काय होतं? आपल्याला दुसरं येतं काय, हा प्रश्न तिला रात्री पडायचा आणि त्याचं उत्तर छातीवर धोंड्यासारखं बसायचं.

प्रयोगशाळेत ग्युलसेरन आधीच येऊन वजनं करत होती. ग्युलसेरन आयदोमुश, बाप या कारखान्यात मजूर म्हणून तुर्कस्तानातल्या झोंगुलदाकहून आलेला, ही इथंच शाळा शिकून प्रयोगशाळेत लागली, आता दोन मुलांची आई. रोसविथाच्या हाताखाली येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. तिचा कान रोसविथाहून तिखट. घोटताना ती हळू आवाजात आईकडची गाणी गुणगुणायची आणि रोसविथा कुरकुरायची की उसासा ऐकू येणार कसा, गाण्यातून? हल्ली ती गुणगुणत नव्हती. घरी काही बिनसलं असेल, नवऱ्याचं काही असेल, असं रोसविथानं धरलं होतं आणि विचारलं नव्हतं. त्यांच्यात तशी रीत नव्हती. दोघी दिवसभर एका टेबलाशी, पण एकमेकींच्या घरचं दाराबाहेर.

सकाळभर तीन पेले झाले, तिन्ही मुके. दुपारी रोसविथानं साखळीचा नवा तुकडा काढला. ग्युलसेरननं घोटलं, ओतलं. साय धरली. रोसविथानं सवयीनं पंख्याच्या बटणाकडं हात नेला आणि तिथंच तिच्या छातीत असं काही आवळलं की बटणावरचं बोट तसंच राहिलं. टेबलाच्या कडेला कमरेनं टेकून ती काहीतरी वाचण्याचं सोंग करू लागली. ग्युलसेरननं तिच्याकडं पाहिलं, मग पेल्याकडं, आणि स्वतःच बटण बंद केलं.

“तुम्ही बसा, बाई. मी ऐकते.”

“नको गं, राहू दे. मी—”

“बसा म्हणते ना. तुमचा चष्मा बघा केवढा मळलाय, त्यातून काय दिसणार तुम्हाला.”

आणि तिनं काच वर सरकवून कान धरला. एवढा गरम पेला, एवढा पांढरा, काठावर येऊन थांबलेला. रोसविथाला काहीच ऐकू आलं नाही, आपल्याच शिट्टीशिवाय. ग्युलसेरनचा चेहरा मात्र हळूहळू मोकळा होत गेला, आणि ती वाकलेलीच राहिली, कितीतरी वेळ, आवाज संपल्यावरही. मग काच खाली ओढून म्हणाली, “टाकला. लांब टाकला, बाई, असा मी कधी ऐकला नव्हता.” रोसविथाला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी झाला तो मत्सर. आपला उसासा, आणि दुसरीच्या कानात. त्या मत्सराची तिला इतकी लाज वाटली की तिनं ग्युलसेरनला मिठीच मारली, जे तिनं कधी केलं नव्हतं, आणि मिठीत तिच्या लक्षात आलं की पोरगी घामानं भिजलीय. पेल्याची उष्णता, तिला वाटलं. दुसरं काही तिला वाटलंच नाही.

शनिवार-रविवार नेहमीसारखे आले. शनिवारी दुपारपर्यंत पट्टा सैल पडला. रविवारी ती बांधावरून चालत पार जुन्या होडीघाटापर्यंत गेली, पाण्यावर कोळशाची लांबलचक बोट चालली होती, आणि तिनं तोंड उघडून वारा आत घेतला, घेतच राहिली, आत जागाच जागा होती. घरी येऊन मनुकांचा पाव कापला, लोणी लावलं, न्हाणीघरातल्या आरशावर ‘हा’ केलं. आरसा सबंध धुरकटला. तिनं त्यावर बोटानं रेघ ओढली आणि हसली, आणि हसता हसता आरशाच्या त्या पट्टीत आपला चेहरा पाहून गप्प झाली. चोराचा चेहरा होता तो. कारण डॉक्टरकडच्या तपासणीची वेळ तिनं मुद्दाम सोमवारची सकाळ घेतली होती, इमारतीत पाऊल टाकायच्या आधीची. गेल्या वर्षीही तीच घेतली होती. खिडकीवरच्या मुलीला सांगितलं होतं की सोमवारी कामाची गर्दी कमी असते, आणि त्या मुलीनं विश्वास ठेवला होता. बापाला असा सोमवार नव्हता. दगड शनिवारीही हलत नाही. तिला वाटलं, बापाला एक जरी मोकळा रविवार मिळाला असता तर त्यानं तो असा चोरीला लावला असता का? आणि लगेच वाटलं, लावला असता. हसत लावला असता, खाणीत परत जायला मिळावं म्हणून. हे तिला आवडलं नाही. ती लवकर आडवी झाली, पण तिच्याच सिलिकोनवर फुगलेल्या गादीवर तिला झोप येईना.

डॉक्टर ओलिश जाडजूड, खुशालचेंडू गृहस्थ. त्यांनी तिच्या नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली आणि मैदानावर ओरडावं तसे ओरडू लागले, फुंका, फुंका, अजून, अजून. रोसविथानं फुंकलं. रविवारचा सगळा वारा तिनं त्या नळीत ओतला. पट्टीवरची सुई झोकदार वर चढली आणि वरच राहिली.

“केसेनिशबाई, या छातीवर कार्निवलचा अख्खा बँड वाजेल,” डॉक्टर म्हणाले. “वसंतात जरा खोकला-बिकला?”

“होतो थोडा.”

“बर्च,” डॉक्टरांनीच उत्तर दिलं. “माझी बायकोपण बेजार आहे.”

तिनं मान डोलावली. इतकं सोपं होतं ते. कोट अंगात चढवताना तिच्या मनात एकच चाललं होतं, आणखी एक वर्ष, देवा, आणखी एक वर्ष, ठोकळा बोलू लागलाय. तिनं दार उघडलं आणि बाहेर बाकावर ग्युलसेरन बसलेली दिसली, मांडीवर पर्स, अंगात ठेवणीतला निळा कोट.

“तू इथं?” रोसविथानं विचारलं. “तुझी तपासणी शरदात असते ना?”

“अलीकडं आणून घेतली. आणि सोमवारची मागून घेतली.” ग्युलसेरननं तिच्याकडं न पाहता पर्सची कडी उघडली, लावली. मग हसली, शाळेतल्या मैत्रिणीला कॉपी दाखवताना हसतात तशी. “सोमवारी फुंक चांगली बसते, बाई. तुम्ही सोमवारच घेता, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, बाईंना कळतं.”

रोसविथा दार धरून उभी राहिली. छाती मोकळी होती आणि तरी श्वास येईना. पेल्यावर वाकलेलं ते डोकं तिच्या डोळ्यांपुढं आलं, आवाज संपल्यावरही वाकून राहिलेलं. तो लांब उसासा, त्यात जे जे गरम वर येतं ते सगळं या पोरीनं कानाबरोबर नाकातोंडानं घेतलं होतं. आणि तसं वाकायला तिला शिकवलं होतं कुणी? बाळाच्या नाकाशी धरतात तसा कान धर, असं म्हणणारी कोण?

“गाणं कधीपासून बंद केलंस?”

“कसलं गाणं?”

“घोटताना म्हणायचीस ते.”

“नाताळापासून असेल. दम पुरेना. बर्च असेल, बाई, सगळ्यांनाच आहे.”

“नाताळात?”

पर्सची कडी पुन्हा वाजली. “सांगू नका,” ग्युलसेरन हळूच म्हणाली. “तुम्ही सांगितलं नाहीत, मीही सांगत नाही. मला दुसरं येतं काय?”

हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरातून हिच्या तोंडात कसं आलं, असं रोसविथाला वाटलं. तिला आई आठवली, भांडी आपटणारी. आईला सगळं ऐकू येत होतं. तिनंही फक्त आवाज झाकला होता. नवं सिलिकोन शुक्रवारपासून कपाटात होतं, बाटलीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, आणि ते यापुढं तिच्याशिवाय, या पोरीशिवाय, लिंडलारच्या यंत्रापुढं फुगणार होतं. उसासा टाकणार होतं आणि कुणी ऐकणार नव्हतं. हे तिला स्पष्ट दिसलं आणि ते इतकं दुखलं की ती क्षणभर दारातून पुढं, जिन्याकडं निघालीसुद्धा. ग्युलसेरननं पाय जवळ घेऊन तिला वाट करून दिली. मग रोसविथा वळली आणि दार पुन्हा उघडलं. डॉक्टर ओलिश तिच्या फुंकेचा आकडा लिहीत होते.

“तो आकडा खोडा,” ती म्हणाली. “आज माझी फुंक धरू नका, आणि हिचीही घेऊ नका. आम्हा दोघींना शुक्रवारी बोलवा. संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर.”

डॉक्टर हसायच्या बेतात होते. त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं बाकावरून उठून उभ्या राहिलेल्या ग्युलसेरनकडं, आणि मग उठून त्यांनी खिडकी उघडली. “शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं,” ते म्हणाले. “बसा दोघी. आज त्या इमारतीत जायचं नाही.” ग्युलसेरन तिच्या शेजारी येऊन बसली, पण अंतर ठेवून, आणि मधल्या जागेत तिनं पर्स ठेवली.